पुष्पबागेचा कारभार

बडोद्यातल्या कलाशिक्षणाचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपोआप सयाजीराव महाराजांपाशी जाते. तशी कारणेही आहेत. राजा रविवर्म्याने महाराजांसाठी १४ पौराणिक चित्रे काढली. १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन उभारले आणि पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. त्याआधी, १८८० साली, तंजावरच्या मराठा घराण्याशी नात्यातली लक्ष्मीबाई महाराजांची राणी होऊन आली, तेव्हा तिच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे वादकही आले. त्यांच्यापैकीच एका घरातले कुबेरनाथ तंजावरकर पुढे इथल्या विद्यार्थ्यांना भरतनाट्यम शिकवू लागले. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी भरवली तीही बडोद्यातच. फैयाजखाँसाहेब इथे राहिले, इथेच गेले. मराठी दरबार, गुजराती पेठ, आग्र्याचा गवई, मद्रासकडची नाचणारी मंडळी आणि केरळचा चित्रकार हे सगळे या गावाने फार पूर्वीच एकत्र पाहिले होते.

तरीही आपल्या ललित कला विद्याशाखेचा इतिहास मी महाराजांपासून सुरू करणार नाही. राजाला एखादा कलावंत आवडला, त्याला तनखा बांधून दिला, की राजाचे काम झाले. विद्यापीठाला पदे मंजूर करून घ्यावी लागतात, वेतनश्रेणी ठरवावी लागते, प्रवेशाचा नियम आणि परीक्षेचा निकाल लावावा लागतो, आणि हे सगळे लेखापरीक्षकाच्या नजरेखाली. नाना प्रांतांतली मुले आणि नाना परंपरांतले शिक्षक एका आवारात नांदवायचे, तेही सरकारी नियमांत, हे काम दरबाराला कधी पडलेच नव्हते. ते १९४९ पासून पुढच्यांना पडले.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ रोजी अस्तित्वात आले. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द काढून 'सर्व माणसे' या अर्थाचे शब्द घालायला लावणाऱ्या त्याच या बाई. बडोद्याच्या दिवाणांच्या घरात वाढलेल्या, त्यामुळे संस्थानात कोणत्या खात्याचे पैसे कुठे मुरतात हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या १९५८ पर्यंत कुलगुरू होत्या. कला शिकवायची तर विद्यापीठाच्या पदवीसाठीच, बाहेरच्या पदविकेसाठी नाही, हा आग्रह त्यांच्या कारकिर्दीतला. १९५० साली विद्याशाखा सुरू झाली तेव्हा मुंबईच्या जे. जे.मध्ये जी. डी. आर्टची पदविका मिळत होती. ते स्कूल मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले ते त्यानंतर तीन दशकांनी. पदवीच्या या आग्रहाची थट्टाही झाली. चित्र काढायला बी. ए. कशाला, असा प्रश्न मराठी घरांत आजही विचारला जातो. तेव्हा तर तो हमखास होता. पण पदवीमुळे चित्रकाराला कलेतिहासाची प्रश्नपत्रिका सोडवावी लागली आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला हातात माती घ्यावी लागली. इथल्या शिक्षणाचे वेगळेपण एका कारणात सांगायचे झाले तर मी हेच सांगेन.

दुसरा निर्णय माध्यमाचा. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी राहिले. १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर राज्यात इतरत्र गुजरातीकडे कल वाढत गेला, तरी बडोद्यात इंग्रजी टिकली. यावर वाद झाले, अजूनही होतात, आणि दोन्ही बाजूंना थोडेथोडे खरे आहे. सौराष्ट्रातल्या किंवा खानदेशातल्या शाळेतून आलेल्या, हाताने विलक्षण पण इंग्रजीने अडखळणाऱ्या मुलाला कलेतिहासाच्या पेपरात जे सोसावे लागले त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. पण याच धोरणामुळे श्रीनगरचा मुलगा, तेलंगणाचा मुलगा आणि केरळचा मुलगा प्रवेशअर्ज भरताना एकाच पातळीवर आले. गावात घराबाहेर गुजराती, वाड्यांतून मराठी. वर्गातली भाषा मात्र यांपैकी कोणाच्याच घरची नव्हती. आवारात मुलांनी स्वतःची एक खिचडी हिंदी तयार केली. ती अभ्यासक्रमात नाही. पण इथून बाहेर पडलेला बंगाली शिल्पकार आणि मल्याळी चित्रकार वीस वर्षांनी भेटले तरी त्याच हिंदीत भांडतात.

आता माणसांकडे येऊ. पहिले अधिष्ठाता मार्कंड भट्ट. अमेरिकेतल्या बार्न्स फाउंडेशनमध्ये शिकून आलेले. चित्र समोर ठेवून त्याची बांधणी उलगडायची, ही तिथली शिस्त. अभ्यासक्रमाचा पहिला आराखडा घडला त्यात या शिस्तीचा वाटा मोठा. चित्रकलेसाठी त्यांनी नारायण श्रीधर बेंद्रे यांना आणले. बेंद्रे इंदूरचे, देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेले, मुंबईत नाव झालेले, अमेरिका पाहून आलेले. शिल्पकलेला आरंभी कलकत्त्याचे प्रदोष दासगुप्ता होते; ते लवकरच परतले आणि शंखो चौधुरी यांनी विभाग हाती घेतला. शंखोदा शांतिनिकेतनचे, रामकिंकर बैजांचे शिष्य. १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन आले. जन्माने केरळचे, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेले, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले आणि मग शांतिनिकेतनात नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर यांच्यापाशी घडलेले. सगळ्यांचे मणिदा.

या नेमणुकांकडे नीट पाहावे. त्या काळी मुंबईची चित्रकला आणि बंगालची चित्रकला यांचे जमत नसे. मुंबईकरांना बंगालची चित्रे धुवट वाटायची, बंगालवाल्यांना मुंबईकर साहेबाची नक्कल करणारे वाटायचे. नवी संस्था काढणारा माणूस सहसा आपल्याच शाळेतली मंडळी गोळा करतो; निवड समितीत वाद होत नाहीत, अभ्यासक्रम पटकन मंजूर होतो. बडोद्याने तसे केले नाही. मुंबई आणि शांतिनिकेतन यांना एकाच व्हरांड्यात शेजारशेजारच्या खोल्या दिल्या. हे जमले त्याला बेंद्र्यांचा स्वभाव कारण होता. ते १९४५ मध्ये शांतिनिकेतनात राहून आले होते आणि कोणत्याच घराण्याचे कडवे नव्हते. शिवाय गावात कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात चित्रे काढून ठेवलीच होती: गंगावतरण, कुरुक्षेत्र, मीरा आणि 'नटीर पूजा'. गायकवाडांच्या छत्रीत बंगालच्या चित्रकाराने काढलेली राजस्थानी संत स्त्री ज्या मुलांनी जातायेता पाहिली त्यांना 'अखिल भारतीय' म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नाही.

बेंद्रे वर्गात उभे राहून स्वतः रंगवून दाखवत. आज एका ढंगात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच. टीकाकारांनी त्यांना यावरून बोल लावला की यांची स्वतःची अशी शैली कोणती? चित्रकार म्हणून तो आक्षेप कदाचित लागू पडेल. शिक्षक म्हणून हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण ठरला, कारण 'बेंद्रे शैली' नावाचा छाप विद्यार्थ्यांवर बसला नाही. १९५६ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून 'बरोडा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स' काढला, त्यातली नावे पाहिली तरी हे कळते. ज्योती भट्ट भावनगरचे, शांती दवे उत्तर गुजरातेतले, प्रभा डोंगरे मराठी, रतन परिमू आणि त्रिलोक कौल काश्मिरी पंडित. गुलाम रसूल संतोषही श्रीनगरचेच. चित्रकार रझांनी त्यांच्यातले गुण हेरले होते आणि बडोद्यात ते बेंद्र्यांकडे शिकले. त्यांनी पत्नीचे 'संतोष' हे नाव स्वतःच्या नावाला जोडले होते. या मंडळींत दोन जणांची चित्रे एकमेकांसारखी नाहीत.

शिक्षकांना काम करायला आवारातच जागा मिळे, हेही कारभाराचेच अंग. पुष्पबागेत, म्हणजे विद्याशाखेच्या आवारात, शिक्षकाचे अपुरे शिल्प विद्यार्थी रोज पाहत. फसलेले कामही लपत नसे. संध्याकाळी वर्ग संपले तरी दिवे चालू असत. आवार किती वाजता बंद करायचे यावरून विद्याशाखा आणि विद्यापीठाचे कार्यालय यांच्यात पिढ्यान् पिढ्या जी कुरबुर चालली आहे तिचा वेगळा इतिहास लिहिता येईल. कार्यालयाचे म्हणणे सुरक्षिततेचे असते आणि ते चूक नसते. पण भट्टीला सुट्टी कळत नाही आणि ओतकामाला घंटा कळत नाही.

अभ्यासक्रमात हस्तकला आल्या त्या मणिदांमुळे. १९५९ ते १९६१ ही दोन वर्षे ते हातमाग मंडळात होते. विणकर, रंगारी, खेळणी करणारे कारागीर यांची कामे त्यांनी जवळून पाहिली आणि परत आल्यावर ती सगळी जाण विद्याशाखेत ओतली. कारागिराला वर्षातून एकदा बोलावून त्याच्या गळ्यात हार घालायचा आणि फोटो काढून पाठवून द्यायचे, ही पद्धत बहुतेक संस्थांत चालते. मणिदांना तो सोपस्कार मान्य नव्हता. माती, वीणकाम, भित्तिचित्र यांना चित्राइतकाच मान द्यायचा आणि ते हाताने करूनच शिकायचे. ज्योती भट्ट त्याआधीच राजस्थानातल्या वनस्थळी विद्यापीठात जयपुरी भित्तिचित्रण शिकून आले होते. पुढे तेलंगणाचे लक्ष्मा गौड भित्तिचित्र शिकायला बडोद्यात आले आणि मुद्राचित्रणाची गोडी घेऊन गेले. विनोदबिहारींची मुलगी मृणालिनी मुखर्जी मणिदांकडे शिकली आणि तागाच्या दोऱ्यांना गाठी मारून तिने जी माणसाएवढी शिल्पे उभी केली ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. चित्रकलेच्या पदवीधर मुलीने शिल्पासाठी दोर निवडावा, हे इतरत्र कोणत्या विभागात बसले असते?

याच १९६१ साली फाइन आर्ट्स फेअर सुरू झाला. गावाच्या भाषेत मेळा. आपल्या संस्थेने केलेली ही सर्वांत हुशार व्यवस्था, असे माझे मत आहे. हेतू साधा: गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीसाठी पैसे उभे करायचे. पण पद्धत अशी की विकायची प्रत्येक वस्तू शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी आवारातच बनवायची. लाकडाची आणि मण्यांची खेळणी, छापील कापड, मातीची भांडी, दागिने, भेटकार्डे. मणिदांनी मेळ्यासाठी केलेली खेळणी आता कलासंग्राहक शोधत फिरतात. तेव्हा ती शेजारच्या सोसायटीतल्या पोरांनी खेळून मोडली. किमती मुद्दाम कमी असत. संध्याकाळी नाटके, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ, गाणी.

मेळ्याने जे घडवले ते कोणत्याही परिसंवादाने घडले नसते. वर्गात गुण मिळवणारा मुलगा आणि सुतारकामात तरबेज मुलगा यांचे स्थान काही आठवडे उलटेपालटे होई. बंगालच्या मुलीला अल्पना येई, कच्छच्या मुलाला आरसे लावता येत, महाराष्ट्रातल्याला रांगोळी. आणि दुकान लावायचे तर तिघांनी मिळून एक माल ठरवावा लागे. मग हिशेब. कच्चा माल किती, विक्री किती, मोडतोड किती. कलावंताला हिशेब येत नाही हा गैरसमज इथल्या मुलांनी मेळ्याच्या वहीत खोटा पाडला. अर्थात आपल्याकडे १९६२ पासून भूपेन खख्खर होते. मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट, चित्रकार व्हायचे म्हणून बडोद्याला आले, कलासमीक्षा शिकले आणि चरितार्थासाठी एका कारखान्याचे हिशेब लिहीत राहिले. न्हावी, घड्याळजी, शिंपी यांची चित्रे त्यांनी काढली ती या गावातल्या मध्यमवर्गाला आधी ओळखीची वाटली आणि नंतर अडचणीची. मेळ्यात पुढे खंड पडत गेले. दरवर्षी भरवायला लागणारी उमेद आणि सुट्टीचे वेळापत्रक यांचे गणित जुळेना. खंड पडला की जुने विद्यार्थी हळहळतात आणि नव्यांना दोष देतात. पण मेळ्याच्या आधीचे तीन महिने सत्र पद्धतीत कुठून काढायचे, हे त्यांपैकी कोणी सांगत नाही.

कलेतिहास विभागाबद्दल थोडक्यात. मुंबईचे अंबेरकर, मग रतन परिमू, गुलाम मोहम्मद शेख. हर्मान ग्योट्झ हे जर्मन विद्वान बडोद्याच्या संग्रहालयाचे संचालक होते, त्यामुळे गावात मूळ चित्रे आणि ती जाणणारा माणूस दोन्ही होते. १९५२ मध्ये वस्तुसंग्रहालयशास्त्राचा विभागही निघाला. शेखांच्या वर्गात सिएनाचा लोरेंझेत्ती, मुघल पोथी आणि पाबूजीचा पड एकाच तासाला पडद्यावर येत. जग मोठे आहे आणि त्यातले काहीच परके नाही, हे सुरेंद्रनगरच्या या मुलाने, लंडनहून शिकून परत आल्यावर, गुजरातीतून कविता लिहिता लिहिता शिकवले. १९६९ च्या दंग्यांच्या वर्षी त्याने आणि भूपेनने 'वृश्चिक' नावाचे छोटे मासिक काढले, ते १९७३ पर्यंत चालवले. विद्याशाखेचे ते अधिकृत प्रकाशन नव्हते, आणि नव्हते म्हणूनच वाचनीय होते.

१९७२ मध्ये नसरीन मोहम्मदी शिकवायला आल्या. कराचीत जन्म, मुंबईत वाढल्या, लंडनला शिकल्या. भोवती सगळे जण माणसांच्या गोष्टी रंगवत असताना या बाई पेन आणि पट्टी घेऊन रेषा ओढत. कथनवादी चित्रकारांच्या गढीत शुद्ध अमूर्ताला सोळा वर्षे जागा मिळाली. १९८८ पर्यंत त्या इथे होत्या. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे निधन झाले.

बाहेरून आलेल्या मुलांनी संस्थेचेच माप काढले, असाही एक प्रसंग नोंदवायला हवा. १९८० च्या दशकात केरळातून आलेल्या तरुणांचा एक गट इथे जमला. के. पी. कृष्णकुमार त्यांचे पुढारी. १९८७ साली त्यांनी आपल्याच विद्याशाखेत 'क्वेश्चन्स अँड डायलॉग' हे प्रदर्शन भरवले आणि अनिता दुबे यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्यात कलेच्या बाजारावर आणि बडोद्यातल्या प्रस्थापित कथनचित्रांवर सरळ हल्ला केला. म्हणजे ज्यांच्याकडे शिकले, त्यांच्यावरच. तो गट दोन वर्षांत विस्कटला, कृष्णकुमारांनी १९८९ मध्ये आयुष्य संपवले. या प्रकरणात संस्थेने बरे काय केले असेल तर एवढेच, की प्रदर्शनाला जागा दिली. आपल्यावरच्या टीकेला भिंती आणि खिळे पुरवणे हे प्रशासनाचे काम आहे, हे तेव्हाच्या लोकांना उमगले होते.

तशी भिंत २००७ मध्ये देता आली नाही. मे महिन्यात वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या विद्यार्थ्यांच्या कामांवर बाहेरच्या लोकांनी धार्मिक भावनांच्या नावाने आक्षेप घेतला, आवारात शिरून गोंधळ घातला आणि एका विद्यार्थ्याला पोलिसांनी अटक केली. विद्यार्थ्यांनी उत्तर म्हणून भारतीय शिल्प आणि चित्रपरंपरेतल्या प्रतिमांचे प्रदर्शन लावले. ते बंद करायला नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. देशभर निषेध झाले, मुंबईतही कलावंत रस्त्यावर आले. या स्मरणिकेत अशा गोष्टी घालू नयेत असे सांगणारे हितचिंतक भेटतात. परीक्षेसाठी मांडलेले काम परीक्षकांसाठी असते, प्रेक्षकांसाठी नंतर. हा साधा शैक्षणिक भेद विद्यापीठाला आपल्याच दारात सांभाळता आला नाही. मेळ्याने चार दशके गावाशी जी ये-जा जपली होती ती तोवर विरळ झाली होती. मेळा जोरात असता तर हे टळले असते असे मी म्हणणार नाही. पण पूर्वी आवारात कुतूहलाने शिरणारे बडोदेकर त्या दिवशी मध्ये पडायला फारसे दिसले नाहीत, एवढे खरे.

त्यानंतरही काश्मीरपासून मणिपूरपर्यंतची मुले येतच राहिली. वसतिगृहाची खोली, परप्रांतीयांसाठीच्या जागा, मांसाहारी डबा कुठे मिळेल, सणाच्या सुट्टीत घरी जायला जमत नाही त्यांनी कुठे जेवायचे, हे प्रश्न दर जुलैत तसेच उभे राहतात. नवरात्रात आवारातला गरबा होतो तेव्हा पहिल्या रात्री बाहेरची मुले कडेला उभी असतात. नवव्या रात्री ओळखू येत नाहीत.

ही स्मरणिका तयार करताना सर्वांत मोठी अडचण कागदपत्रांची आली. कार्यालयात आवक-जावकीची पुस्तके आहेत, सभांची इतिवृत्ते आहेत. मेळ्याचे, वर्गांचे, सहलींचे दृश्य मात्र कार्यालयाने जपलेले नाही. ते ज्योतीभाईंच्या निगेटिव्हमध्ये, परिमू आणि शेख यांच्या कपाटांत, मणिदांच्या वह्यांत राहिले. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने या चौघांचे संग्रह स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले, म्हणून आज १९५० च्या दशकातला पुष्पबागेतला वर्ग आपल्याला दिसतो. हे काम विद्यापीठाचे होते. परक्या गावच्या संस्थेने ते आपल्या खर्चाने केले. अजून पुष्कळ बाहेर आहे. मेळ्याची पोस्टरे, विक्रीच्या पावत्या, नाटकांच्या हस्तलिखित संहिता, वर्गातल्या निकालपत्रांमागे काढलेली शिक्षकांची व्यंगचित्रे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालण्याआधी स्मरणिका समितीला कळवावे. मूळ वस्तू द्यायची नसेल तर स्कॅन करून परत केली जाईल. फोटोमागे नावे लिहून द्यावीत. निदान प्रांत तरी.